विमानविद्येचा इतिहास आणि गावोगावची व्याख्याने
नाशिक जिल्ह्यातील ओझर येथे १९६४ साली मिग विमानांच्या निर्मितीसाठी कारखाना स्थापन झाला. तेव्हापासून विमान हा विषय या जिल्ह्यास परका राहिलेला नाही. नांदगावसारख्या ठिकाणीही विमानविद्येच्या इतिहासावर नियमित व्याख्याने होणे उचित ठरेल. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात सुरू केलेल्या वसंत व्याख्यानमालेचा आदर्श आपल्यापुढे आहेच. मात्र श्रवणासोबत चिकित्साही हवी. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली मुंबईत विमान उडविल्याचे सांगितले जाते. त्यास विश्वासार्ह पुरावा मिळालेला नाही. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून मुंबईस विमानाने टपाल आणले, हे मात्र निर्विवाद आहे. शाळा व ग्रंथालयांनी महिन्यातून एक सभा भरवून प्रत्येक विधानाचा आधार विचारण्याची सवय लावल्यास अभिमान आणि सत्य यांची सांगड घालता येईल.