कागदाचा रुपया

दरवर्षीं अर्थशास्त्राचा पहिला पाठ सुरू झाला, कीं वर्गांत एक प्रश्न हमखास उठतो. "सर, नोटा जर आपल्या नाशिकरोडलाच छापतात, तर सरकार भरपूर नोटा छापून गरिबांस कां वाटीत नाहीं?" मागच्या बांकांवरील मुलें हंसतात. आम्हांस मात्र हा प्रश्न हंसण्यासारखा वाटत नाहीं. मोठमोठ्या राष्ट्रांच्या राज्यकर्त्यांस नेमका हाच मोह पडलेला आहे व त्याची किंमत त्यांच्या प्रजेनें मोजलेली आहे. शिवाय ज्या वर्गांतील कित्येकांचे आजोबा 'प्रेसला' होते, त्या वर्गानें हा प्रश्न विचारावयाचा नाहीं, तर कोणीं विचारावयाचा?

प्रथम या प्रेसविषयीं थोडें सांगतों. हिंदुस्थानांत सरकारी नोटांचा कायदा झाला तो १८६१ सालीं. परंतु त्यानंतर सुमारें पाऊणशतक नोटा छापून येत त्या इंग्लंडांतून, आगबोटीनें. पोस्टाचीं तिकिटेंहि लंडनच्या डी ला रू कंपनीकडून येत. १९२५ सालीं नाशिकरोड येथें सरकारी छापखाना उभा राहिला व तिकिटें येथें छापूं लागलीं. नव्या दिल्लीच्या उद्घाटनाचीं १९३१ सालचीं चित्रमय तिकिटें याच गांवचीं. १९२८ सालीं नोटांचा स्वतंत्र छापखाना सुरू झाला आणि पांच रुपयांची नोट या देशांत प्रथमच छापली गेली. रिझर्व्ह बँक त्या वेळीं जन्मलीहि नव्हती. ती स्थापन झाली १ एप्रिल १९३५ रोजीं. म्हणजे नोटेच्या बाबतींत आमचें नाशिकरोड बँकेहून वडील आहे! आज देवास, म्हैसूर व सालबोनी येथेंहि नोटा छापतात. तरी वडीलपणाचा मान आमच्याच गांवाकडे राहतो.

आतां घरीं गेल्यावर वडिलांच्या परवानगीनें पांचशेंची एक नोट हातीं घ्या. ती साध्या कागदाची नसून कापसाच्या तंतूंची आहे, म्हणूनच घामानें भिजली तरी लगेच फाटत नाहीं. ती उजेडासमोर धरा, म्हणजे कोऱ्या भागांत गांधीजींची मुखाकृति दिसेल. ही आकृति शाईनें काढलेली नाहीं. कागद ओला असतांनाच त्याची जाडी कोठें कमी, कोठें अधिक ठेवून ती उमटविलेली असते. मधला धागा तिरपा धरला असतां हिरव्याचा निळा होतो. गांधीजींच्या चित्रावरून हलकेच बोट फिरवा, म्हणजे शाई उंचावलेली लागेल. कोरलेल्या पत्र्याच्या खांचांत शाई भरून, प्रचंड दाबाखालीं कागद त्यावर दाबला, कीं अशी उठावाची छपाई होते. कडेच्या उठावाच्या रेघा कोणासाठीं आहेत हें फार थोड्यांस ठाऊक असतें: ज्यांस डोळ्यांनीं दिसत नाहीं, त्यांनीं स्पर्शानें नोट ओळखावी म्हणून त्या आहेत. मागील बाजूस पंधरा भाषांची पट्टी आहे. तींत मराठी आठवी, म्हणजे अगदीं मध्यावर येते. विश्वास नसेल तर मोजून पाहा.

इतकी कारागिरी झाली, तरी प्रेसमधून निघालेला तो कागद अजून पैसा झालेला नसतो. किती नोटा छापावयाच्या हें प्रेस ठरवीत नाहीं. रिझर्व्ह बँकेनें सरकारशीं विचारविनिमय करून मागणी केली, कीं तेवढ्या छापावयाच्या, मोजावयाच्या व बँकेच्या स्वाधीन करावयाच्या. बँकेनें ती नोट बाहेर काढली, कीं तिच्यावरील गव्हर्नरच्या सहीखालचें वचन जिवंत होतें. 'धारकास इतके रुपये अदा करण्याचें वचन देतों' असें तेथें लिहिलेलें असतें. म्हणजे नोट हें बँकेच्या डोक्यावरील देणें आहे. आणि जितकें देणें, तितक्या किमतीची मालमत्ता, म्हणजे सोनें, परदेशी रोखे, सरकारी रोखे अशा रूपानें, बँकेस समोर दाखवावी लागते. एक रुपयाची नोट तेवढी याला अपवाद. ती सरकारची स्वतःची असून तिच्यावर अर्थखात्याच्या सचिवाची सही असते व वचन मुळींच नसतें.

असो. कायद्यानें बँकेचे हात कांहीं प्रमाणांत बांधले आहेत खरे. परंतु कायदा बदलतां येतो. मग खरी अडचण कोणती? ती समजण्यास लासलगांवच्या बाजारांत जावें. समजा, आज तेथें १०० क्विंटल कांदा आला आहे आणि घेणाऱ्यांच्या हातीं एकूण दोन लाख रुपये आहेत. तर भाव सरासरी क्विंटलला दोन हजार पडेल. रात्रींतून कोणी प्रत्येक घेणाऱ्याच्या खिशांतील नोटा दुप्पट केल्या. सकाळीं कांदा तितकाच, १०० क्विंटल. रुपये मात्र चार लाख. बोली चढत चढत चार हजारांवर जाईल. कांद्याची एक पातहि वाढली नाहीं, वाढला तो नुसता आंकडा. शेतकरी प्रथम आनंदेल; परंतु खत, डिझेल, कापड व मुलांच्या वह्या घ्यावयास गेला, कीं तेथेंहि भाव दुप्पट झालेला त्यास आढळेल.

मग यांत बुडतो कोण? ज्याचें उत्पन्न ठरीव आहे तो: पेन्शनवर जगणारे वृद्ध, पोस्टांत चार पैसे साठविणारी विधवा, ठरीव मजुरीचा गडी. ज्या गरिबांस वांटण्यासाठीं नोटा छापावयाच्या, त्यांचीच शिल्लक प्रथम वितळते. जर्मनींत १९१४ सालीं एका अमेरिकन डॉलरला चार मार्कांहून थोडे अधिक पडत. महायुद्ध व त्यानंतरचा खर्च सरकारनें नोटा छापून भागविला आणि नोव्हेंबर १९२३ मध्यें त्याच डॉलरला ४ लाख २० हजार कोटी मार्क पडूं लागले. जन्मभराच्या बचतींत पावहि मिळेना. झिंबाब्वे देशानें २००९ सालीं तर एक कोटी कोटी डॉलरची एकच नोट काढली. एकावर चौदा शून्यें लिहून पाहा, म्हणजे कल्पना येईल.

येथें एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. प्रत्येक महागाई नोटांमुळेंच येते, असें कोणी समजूं नये. अवकाळी पावसानें चाळींतला कांदा सडला, तर नोटा तितक्याच असूनहि भाव कडाडतो. उलट ८ डिसेंबर २०२३ रोजीं सरकारनें कांद्याची निर्यात बंद केली, ती मे २०२४ पर्यंत उठली नाहीं. बाहेरचें गिऱ्हाईक तुटल्यानें तेव्हां आपल्या जिल्ह्यांतील शेतकऱ्यांचा भाव पडला. शहरांतील गृहिणीस स्वस्ताई ती शेतकऱ्यास मंदी. वर्तमानपत्रांत 'महागाई' हा शब्द दिसला, कीं ती कोणाची व कशामुळें, हें दोन प्रश्न विचारण्याची संवय मुलांनीं आतांपासून लावावी.

कागदाच्या रुपयामागें विश्वास किती असतो, हें आपण ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्रीं पाहिलें. पांचशें व हजारांच्या जुन्या नोटा त्या मध्यरात्रीं रद्द झाल्या. असे प्रसंग पूर्वींहि, म्हणजे १९४६ व १९७८ सालीं, येऊन गेले होते. परंतु तेव्हां बाद झालेल्या मोठ्या नोटा सामान्यांच्या घरीं नसतच. २०१६ सालीं मात्र चलनांतील सुमारें ८६ टक्के किमतीच्या नोटा एका घोषणेनें निकामी झाल्या. बँकांपुढें रांगा लागल्या, बाजारसमित्यांत रोखीची चणचण पडली, रोजावर पोट असणारांचे फार हाल झाले आणि प्रेसमधील कामगार नव्या नोटांसाठीं सुट्टी न घेतां राबले. काळा पैसा परत येणारच नाहीं व आपोआप नष्ट होईल, अशी पुष्कळांची अपेक्षा होती. पुढें रिझर्व्ह बँकेनेंच जाहीर केलें, कीं रद्द नोटांपैकीं ९९.३ टक्के परत आल्या. यावरून त्या अपेक्षेचें काय झालें तें स्पष्ट आहे, आणि इतक्या मोठ्या कष्टाच्या मानानें हें फळ आम्हांस तोकडें वाटतें. दोन हजारांची जी नवी नोट तेव्हां निघाली, तीहि १९ मे २०२३ रोजीं मागें घेण्याचें जाहीर झालें.

त्याच वर्षीं, एप्रिल २०१६ मध्यें, एक शांत घटना घडली होती. ती म्हणजे यूपीआयचा आरंभ. आज भाजीच्या गाडीवरहि चौकटींची ती काळी-पांढरी पाटी लटकलेली असते. पुष्कळांस वाटतें, कीं फोनमधून पैसे उडत जातात. तसें कांहीं नाहीं. फोन फक्त एक निरोप धाडतो. त्यासरशीं एका खात्याच्या नोंदींतून रक्कम वजा होते व दुसऱ्याच्या नोंदींत मिळते. ऑगस्ट २०२५ मध्यें असे व्यवहार महिन्याला दोन हजार कोटींवर गेले. पालकांस येथें एक गोष्ट आवर्जून सांगतों. पैसे देतांनाच गुप्त पिन टाकावा लागतो, घेतांना कधींहि नाहीं. 'तुम्हांस पैसे पाठवितों, पिन टाका' असें जो म्हणेल, तो ठग समजावा. आजी-आजोबांस हें मुलांनींच समजावून द्यावें.

मग प्रेस ओस पडेल काय? प्रेसमधील नोकरीवर ज्यांचें घर चालतें, त्यांच्या मुलांस ही चिंता स्वाभाविक आहे. आंकडे पाहतां तूर्त तशी चिन्हें नाहींत. फोनवरील व्यवहार इतके वाढले, तरी चलनांतील नोटांची एकूण किंमत नोव्हेंबर २०१६ मध्यें १८ लाख कोटी रुपयांच्या आंत होती, ती मार्च २०२५ अखेर ३६ लाख कोटींवर गेली. लोक चहाचे पैसे फोननें देतात, पण अडीअडचणीसाठीं नोटा मात्र कपाटांत ठेवतात, असा याचा अर्थ आम्ही लावतों.

१ डिसेंबर २०२२ पासून रिझर्व्ह बँकेनें सामान्यांसाठीं 'डिजिटल रुपया'चाहि प्रयोग आरंभिला आहे. तेंहि नोटेप्रमाणेंच बँकेचें थेट वचन आहे, पण त्यास ना कापूस लागतो, ना शाई. तो रुपया नाशिकरोडला छापला जाणार नाहीं, हें उघड आहे. उलट, पारपत्रें आजहि येथेंच छापतात, आणि ज्यांच्या वेष्टनांत इलेक्ट्रॉनिक चिप बसविलेली असते अशीं नवीं ई-पारपत्रेंहि याच गांवांत तयार होत आहेत.