'इट्स' लिहिताना अपॉस्ट्रॉफी कधी?

आजचा भाग छोटाय, पण रिझ्युमे पाठवायच्या आधी ऐकाच.

पहिल्या नोकरीच्या अर्जात मी लिहिलं होतं, 'द अ‍ॅप अँड इट्स युझर्स'. त्यात आय-टी, मग अपॉस्ट्रॉफी, मग एस. मुलाखतीत मॅडमनी हसून विचारलं, "द अ‍ॅप अँड इट इज युझर्स? म्हणजे काय?" ऐकताना दोन्ही सारखंच, फरक फक्त लिहिताना.

का चुकतं? 'राजूचा' म्हणायला इंग्रजीत राजूनंतर अपॉस्ट्रॉफी-एस लावतात. मग 'त्याचा'लाही लावावा असं वाटतं. पण मराठीत बघा ना, राजूला 'चा' लागतो, तरी 'मीचा' कुणी म्हणत नाही, 'माझा' म्हणतो. सर्वनामाचं रूप वेगळंच. इंग्रजीतही हिज, हर्स, अवर्स आणि मालकीचा इट्स, यातल्या कुणालाच अपॉस्ट्रॉफी नाही. इट्समध्ये तो दिसला, तर तिथं अक्षरं गाळलीत: मूळ शब्द 'इट इज' किंवा 'इट हॅज'.

म्हणून सेंड दाबण्याआधी तिथं हे दोन्ही म्हणून बघा. एखादं जमलं, तर अपॉस्ट्रॉफी ठेवा, नाहीतर काढा. फोनचा कीबोर्ड कधीकधी तो आपणहून घालतो, तेव्हा त्याच्या भरवशावर राहू नका!