शिकणार एक, तारण घरादाराचं

परदेशी शिक्षणाच्या कर्जाचा अर्ज विद्यार्थ्याच्या नावे असतो, पण त्याच्या एकट्याच्या सहीवर बँक पुढे सरकत नाही. आई किंवा वडील सहकर्जदार लागतात. इंडियन बँक्स असोसिएशनच्या आदर्श योजनेप्रमाणे साडेसात लाखांच्या वर कर्ज हवं असेल तर तारण द्यावं लागतं, आणि अमेरिकेतलं एम.एस. साडेसात लाखांत होत नाही. मग नाशिकचा फ्लॅट, सांगलीचा प्लॉट, आजोबांची मुदत ठेव अशी कागदपत्रं कपाटातून बाहेर येतात. शेतजमीन बहुतेक बँका तारण म्हणून घेत नाहीत, त्यामुळे दहा एकर उसाचा धनीही इथे अडतो. खासगी वित्तसंस्था तारणाशिवाय कर्ज देतात, पण व्याज जास्त लावतात आणि पालकांचा पगार आधी बघतात.

विमानात बसणाऱ्या मुलीला हे सगळं ठाऊक असतं. त्यामुळे पहिल्या सत्रात विषय झेपेना झाला, तर तिला आधी घर आठवतं, प्राध्यापक नंतर. विषय बदलावासा वाटला तरी तिचा हात थबकतो. घराचा आधार आणि घराचं ओझं एकाच कागदावर सही करून आलेले असतात.

हा गुंता कर्जाइतका नवा नाही. मोहनदास गांधी सप्टेंबर १८८८मध्ये मुंबईहून लंडनला निघाले, तेव्हा खर्चाची जबाबदारी थोरल्या भावाने घेतली होती. परवानगी मात्र आईच्या हातात होती. मद्य, मांस आणि परस्त्री यांपासून दूर राहण्याची शपथ एका जैन साधूसमोर घेतल्यावरच पुतळीबाईंनी होकार दिला. लंडनमधली त्यांची सुरुवातीची उपासमार, शाकाहारी खाणावळींचा शोध आणि त्यातून शाकाहारी मंडळाशी जुळलेलं नातं, हे सगळं त्या एका शपथेचं फळ. ते १८९१मध्ये बॅरिस्टर होऊन परतले, तेव्हा आई गेल्याचं त्यांना मुंबईत उतरल्यावर कळलं. परक्या देशात धक्का बसू नये म्हणून भावाने ती बातमी दाबून ठेवली होती.

आनंदीबाई जोशींची गोष्ट शाळेच्या पुस्तकांतून घरोघर पोहोचली आहे, पण त्यातला एक धागा सहसा निसटतो. त्या १८८३मध्ये कलकत्त्याहून पतीशिवाय निघाल्या आणि फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या. त्यांना शिकवण्याचा ध्यास पती गोपाळरावांचा होता, आणि धाकही त्यांचाच. अमेरिकेत पोहोचलेल्या त्यांच्या पत्रांत प्रोत्साहन असे, तसंच पेहरावावरून आणि वागण्यावरून टोचणंही असे. आनंदीबाईंनी तिकडून लिहिलेल्या एका पत्रात लहानपणी गोपाळरावांच्या हातून खाल्लेल्या माराचा स्पष्ट उल्लेख केला. एका छताखाली राहताना जे बोलता आलं नसतं, ते समुद्रापलीकडून लिहिता आलं.

त्यांना तिथे दुसरं घरही मिळालं. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडोशिया कार्पेंटर या बाईंनी त्यांना आपल्याकडे ठेवून घेतलं, आणि आनंदीबाई त्यांना मावशी मानत. मार्च १८८६मध्ये पदवी मिळाली. पुढल्याच वर्षी, फेब्रुवारी १८८७मध्ये, पुण्यात क्षयाने त्यांचा मृत्यू झाला. त्यांचा रक्षाकलश त्याच मावशीकडे पाठवला गेला आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सीच्या दफनभूमीत कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत ठेवला गेला.

इरावती कर्वे १९२८मध्ये बर्लिनला गेल्या. सासरे महर्षी कर्वे म्हणजे १९१६मध्ये महिला विद्यापीठ काढणारे. तरीही सुनेने जर्मनीला जावं हे त्यांना पटलं नव्हतं. पती दिनकर स्वतः जर्मनीत रसायनशास्त्र शिकून आले होते आणि त्यांनी हट्ट सोडला नाही. बर्लिनमध्ये मानववंशशास्त्रज्ञ ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली इरावतीबाईंनी कवट्यांच्या असमानतेवर संशोधन केलं. वांशिक श्रेष्ठतेच्या बाजूने पुरावा मिळावा अशी मार्गदर्शकाची अपेक्षा होती, पण मोजमापांतून तो निघाला नाही आणि बाईंनी तसंच लिहिलं. पाठीशी नवरा ठाम उभा होता, घरच्या वादाचं ओझं एकटीला वाहून न्यावं लागलं नव्हतं, हे त्या धिटाईच्या जोडीला होतंच.

डॉ. आंबेडकरांच्या बाबतीत किंमत घरी राहिलेल्या माणसाने मोजली. वडील रामजी १९१३च्या फेब्रुवारीत गेले आणि त्याच वर्षी बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले. मुंबईत पत्नी रमाबाईंनी ओढगस्तीत संसार रेटला. पुढे पाकिस्तानवरचं पुस्तक बाबासाहेबांनी रमाबाईंच्या स्मृतीला अर्पण केलं, आणि त्या अर्पणपत्रिकेत टंचाईच्या त्या दिवसांतल्या त्यांच्या सोबतीची नोंद केली.

पत्राला तेव्हा आठवडे लागत. आता न्यूयॉर्कमध्ये उन्हाळ्यात रात्रीचे दहा वाजलेले असतात तेव्हा पुण्यात सकाळचे साडेसात होतात, आणि आईचा व्हिडिओ कॉल येतो. ‘जेवलीस का?’ हा पहिला प्रश्न. ‘हो’ हे उत्तरही ठरलेलं. खोलीभाडं थकलंय, मार्गदर्शक रागावलेत, इंटर्नशिप मिळाली नाही, हे कॉलवर येत नाही. इकडूनही बाबांची अँजिओप्लास्टी परीक्षा संपेपर्यंत सांगितली जात नाही. तंत्र बदललं तरी झाकपाक गांधींच्या भावासारखीच चालू आहे, फक्त आता ती दोन्ही बाजूंनी चालते.

अमेरिकी कायदा या झाकपाकीला नकळत हातभार लावतो. १९७४च्या ‘फेर्पा’ कायद्याने विद्यार्थी महाविद्यालयात गेला की त्याच्या नोंदींवरचा हक्क त्याचा स्वतःचा होतो. दहावीपर्यंत प्रगतिपुस्तकावर सही करणारे आणि बारावीला शिकवणीच्या सरांना फोन लावणारे वडील विद्यापीठाला गुण विचारू लागले, तर मुलाची लेखी परवानगी मागितली जाते. फी भरली म्हणून ती आपोआप मिळत नाही. करासाठी अवलंबित असलेली मुलं, आणीबाणीचे प्रसंग असे काही अपवाद कायद्यात आहेत, पण भारतात राहणाऱ्या बापाला त्यांचा रोजच्या व्यवहारात उपयोग नसतो.

लग्नाचा प्रश्न वेगळा. ‘जाण्याआधी उरकून घेऊ’ असा सूर घराघरांत निघतो, पण व्हिसाचे नियम संसाराच्या सोयीने बनलेले नाहीत. अमेरिकेत विद्यार्थ्याच्या जोडीदाराला एफ-२ व्हिसावर नोकरी करता येत नाही. ब्रिटनने जानेवारी २०२४पासून एम.एस्सी.सारख्या अध्यापनप्रधान अभ्यासक्रमांच्या बहुतेक परदेशी विद्यार्थ्यांना जोडीदार किंवा मुलं सोबत नेण्याची मुभाच काढून घेतली. संशोधनाचे अभ्यासक्रम त्यातून वगळले आहेत. मग नवी नवरी सासरी आणि नवरा लीड्सला, किंवा उलट, अशी वर्षं निघतात.

निघण्याआधी घरात बसून ठरवण्यासारख्या गोष्टी मोजक्याच आहेत: आजारपणाची बातमी कळवायची की नाही, सत्र बिघडलं तर किती पैसा आणखी उभा राहू शकतो, तिथल्या विद्यापीठाकडे तातडीच्या संपर्कासाठी कुणाचं नाव द्यायचं. आणि हप्त्याचं काय? आदर्श योजनेत परतफेडीला अभ्यासक्रमानंतर साधारण वर्षभराची सवड असते. आयकराच्या जुन्या करपद्धतीत या व्याजाची वजावट जास्तीत जास्त आठ वर्षं मिळते, पण कर्ज ज्याच्या नावे आहे आणि व्याज जो स्वतःच्या उत्पन्नातून भरतो त्यालाच. त्यामुळे हप्ता मुलीच्या खात्यातून जाणार की वडिलांच्या पगारातून, हे सहीच्या दिवशीच लिहून ठेवलेलं बरं.