सर्व्हर चालू आहे, मुदत मात्र संपली आहे

चिपळूणच्या बाजारपेठेत किराणा मालाची घाऊक पेढी चालविणारे एक हाजीसाहेब आमचे जुने वाचक आहेत. जुलै २०२१ च्या महापुरात त्यांची साखर, तांदूळ आणि खतावण्या सारे पाण्यात गेले. माडीवर ठेवलेला सर्व्हर तेवढा वाचला आणि त्यातच सगळ्या उधारीचे खाते होते. तेव्हापासून या यंत्रावर त्यांचा फार जीव आहे.

मध्यंतरी आम्ही त्यांच्याकडे गेलो होतो. सलाम-दुआ, चहा झाल्यावर सहज विचारले, "हाजीसाहेब, यावर लिनक्सची कोणती आवृत्ती आहे?" त्यांच्या मुलाने पाहून सांगितले, सेंटओएस ७.

"मग याची मुदत ३० जून २०२४ लाच संपली," आम्ही म्हणालो.

हाजीसाहेब हसले. "अहो, मुदत संपायला ते काय औषध आहे? इतकी वर्षं झाली, एकदा बंद पडलं नाही."

औषधाची उपमा त्यांनी थट्टेत दिली, पण ती अगदी चपखल आहे. मुदत संपलेली गोळी दिसायला तशीच असते. सर्व्हरच्या प्रणालीत सुरक्षेच्या नवनव्या फटी सापडतच असतात. मुदत असेपर्यंत त्या बुजविणारे अपडेट येतात. मुदत संपल्यावर फटी सापडणे थांबत नाही, बुजविणे तेवढे थांबते. दाराला कुलूप जुनेच, पण त्याची दुसरी किल्ली कशी करावी हे आता चोरांना ठाऊक झालेले, अशी ती अवस्था असते. आणि आत पडलेली उधारीची खाती एकट्या हाजीसाहेबांची नाहीत. ती शेकडो गिऱ्हाइकांची अमानत आहे.

अशी वेळ अनेक पेढ्यांवर आणि ट्रस्टच्या कार्यालयांवर का आली, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. रेड हॅट ही कंपनी कार्यालयांसाठी लिनक्स बनविते आणि त्याची वार्षिक वर्गणी घेते. तिच्या खुल्या सोर्सवरून तंतोतंत तशीच प्रणाली तयार करून सेंटओएस ती विनामूल्य देत असे. चोरीची प्रत न वापरता, पूर्ण हक्काने आणि खर्चाविना सर्व्हर चालतो, म्हणून आमच्या अनेक बंधूंनी ती घेतली. परंतु ८ डिसेंबर २०२० रोजी जाहीर झाले की २०२९ पर्यंत चालेल असे सर्वांनी धरलेले सेंटओएस ८ हे ३१ डिसेंबर २०२१ लाच बंद होणार. घाबरलेले लोक ७ वरच थांबले, आणि पुढे तेही संपले.

त्या जागी दोन नावे उभी राहिली. मार्च २०२१ मध्ये अल्मालिनक्स आले आणि जूनमध्ये रॉकी लिनक्स. रॉकीची सुरुवात करणारे ग्रेगरी कुर्टझर हे सेंटओएसच्याही संस्थापकांपैकी होत. जून २०२३ मध्ये रेड हॅटने आपला सोर्स देण्यावर बंधने आणली, पण दोन्ही प्रणाली टिकून आहेत. या दोहोंपैकी कोणती, यावर माहीतगार मंडळी तासन्‌तास वाद घालतात. आमच्या मते व्यापाऱ्याने त्यात पडू नये. आपल्या संगणकवाल्याला जी सवयीची, ती घ्यावी. एखाद्या सॉफ्टवेअर कंपनीने रेड हॅटचीच अट घातली असेल, तर मात्र वर्गणी भरावी.

खरा प्रश्न आवृत्तीच्या आकड्याचा आहे. ८ ची मुदत २०२९ पर्यंत, ९ ची २०३२ पर्यंत आणि १० ची २०३५ पर्यंत. मग सरळ १० का घेऊ नये? कारण १० ला प्रोसेसरही नव्या घडणीचा लागतो. इंटेलमध्ये तशी घडण २०१३ पासून आली, पण त्यानंतरही कित्येक वर्षे स्वस्तातल्या पेंटियम आणि सेलेरॉनमध्ये ती नव्हती. म्हणजे यंत्र २०१३ नंतरचे आहे एवढ्यावर निर्धास्त राहू नये. अल्मालिनक्सने जुन्या प्रोसेसरसाठी १० ची वेगळी प्रत काढली आहे, हे खरे. तरी यंत्र जुने असेल तर ९ घ्यावे, असे आम्ही सुचवू. ८ वर जाणे म्हणजे थोड्याच दिवसांत पुन्हा हेच काम काढणे.

चालू यंत्रावरच आवृत्ती बदलण्याचे एलिव्हेट नावाचे साधन अल्मालिनक्सकडे आहे. त्याने ७ वरून आधी ८ आणि मग ९, असे एकेक पायरीनेच जावे लागते. ज्या यंत्रावर रोजची बिले निघतात त्यावर हा प्रयोग आम्ही करणार नाही. दुसरे यंत्र घ्यावे, त्यावर नवी प्रणाली बसवावी, बॅकअपमधून हिशोब त्यात उतरवावा आणि आठवडाभर दोन्हींवर बिले ताडून पाहावीत.

हाजीसाहेबांनी तसेच केले. सेकंडहँड यंत्र आणले आणि पहिल्याच दिवशी बॅकअप उघडेना. हार्ड डिस्क भरल्यामुळे कित्येक महिने रोज रात्री रिकामी फाइल तयार होत होती! कोणी उघडून पाहिलेच नव्हते. माडीवरचे यंत्र त्या काळात बिघडले असते तर पुरातून वाचलेले खाते असेच गेले असते.

दुसरी अडचण बिलांच्या प्रोग्रामची. तो ७ वरच्या पीएचपी ५.४ साठी लिहिलेला. डेटाबेसला जोडण्याची त्यातली जुनी पद्धत पीएचपी ७ पासून काढून टाकली आहे आणि ९ वर तर पीएचपी ८ येते. प्रोग्राम लिहिणारा मोहल्ल्यातला मुलगा आता कतारला नोकरीस आहे. त्याने दोन जुम्म्यांच्या सुट्टीत तिकडून दुरुस्ती करून दिली. गोदामातला विंडोज एक्स्पीचा संगणकही नव्या सर्व्हरला जोडला जाईना, कारण त्याची जुनी जोडणी आता सुरक्षेसाठी बंद ठेवलेली असते. ती पुन्हा उघडू नये. तो संगणकच बदलला.

हे काम कधी काढावे, तेही पाहिले पाहिजे. २०२५ मध्ये ईद नेमकी ३१ मार्चला आली होती. रमजानची विक्री आणि वर्षअखेर एकत्र. अशा दिवसांत सर्व्हरला हात लावू नये. महिन्यातही जीएसटीच्या ११ आणि २० या तारखा टाळाव्यात.

हाजीसाहेबांचा नवा सर्व्हर आता माडीवर चालू आहे आणि मुलगा दर रविवारी बॅकअप उघडून पाहतो. जुने यंत्र नेटवर्कची वायर काढून शेजारीच ठेवले आहे. भंगारवाल्याने दोनदा विचारले, हाजीसाहेब द्यायला तयार नाहीत.