सामायिक परवलीचा शब्द आणि विदागार-दुवे

एकच वापरकर्तानाव व परवलीचा शब्द अनेक व्यक्तींनी किंवा अनेक संगणकप्रणालींनी वापरणे, यास परवलीच्या शब्दाचा सामायिक वापर म्हणतात. एका विदागारातून, म्हणजेच डेटाबेसमधून, दुसऱ्या विदागारातील माहिती थेट वाचता-लिहिता यावी म्हणून करून ठेवलेली कायमची जोडणी म्हणजे विदागार-दुवा होय. या दोन गोष्टी वरवर भिन्न दिसतात. सुरक्षेच्या दृष्टीने मात्र त्यांचा विचार एकत्रच करावा लागतो. बऱ्याच दुव्यांच्या पोटात एक परवलीचा शब्द साठवलेला असतो. तो शब्द प्रत्यक्ष ठाऊक नसतानाही दुवा वापरणारा प्रत्येकजण त्याचा भागीदार ठरतो.

संज्ञा

‘परवलीचा शब्द’ ही संज्ञा पहाऱ्याच्या व्यवस्थेतून आलेली आहे. छावणीतील परवलीचा शब्द मुळातच सर्वांचा असे, पण तो वेळोवेळी बदलला जाई. संगणकावरील सामायिक शब्दाने यातील पहिला गुण तेवढा उचलला. तो सर्वांना ठाऊक असतो आणि वर्षानुवर्षे बदलत नाही. बदलल्यास त्यावर अवलंबून असलेली किती कामे बंद पडतील, हे कोणालाच नेमके सांगता येत नाही.

दुव्याची घडण

ऑरॅकल या विदागार-प्रणालीत दुव्याचे अनेक प्रकार आहेत. एका प्रकारात दूरच्या विदागाराचे वापरकर्तानाव व परवलीचा शब्द दुव्यातच नोंदवून ठेवतात. हा दुवा ‘सार्वजनिक’ म्हणून निर्माण केला असेल तर स्थानिक विदागारातील कोणीही वापरकर्ता त्यातून पलीकडे जाऊ शकतो आणि पलीकडे त्याला दुव्यात नोंदलेल्या खात्याचे सर्व अधिकार मिळतात. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्येही जोडलेल्या सर्व्हरवर सर्वांना एकाच ठरावीक खात्याने पाठवण्याची सोय आहे.

येथे एक तांत्रिक अडचण समजून घेणे आवश्यक आहे. व्यक्तीचा परवलीचा शब्द पडताळण्यासाठी तो मूळ रूपात साठवण्याची गरज नसते. ज्यावरून मूळ शब्द उलट काढता येत नाही असे त्याचे गणिती रूपांतर साठवले तरी पुरते. दुव्याला मात्र दुसऱ्या दाराशी जाऊन स्वतःच ओळख पटवायची असते. त्यामुळे मूळ शब्द परत मिळवता येईल अशाच स्वरूपात तो ठेवावा लागतो. ऑरॅकलच्या १०जी मालिकेच्या पहिल्या आवृत्तीपर्यंत हे शब्द प्रणालीच्या एका अंतर्गत कोष्टकात उघड अक्षरांत असत. दुसऱ्या आवृत्तीपासून ते सांकेतिक रूपात ठेवले जाऊ लागले. विदागाराची राखीव प्रत घेतली की हे कोष्टकही तिच्यासोबत जाते. चाचणीसाठी केलेल्या प्रतीतील दुवे बदलायचे राहून गेले, तर सरावासाठी चालवलेली आज्ञा खऱ्या विदागारातील नोंदी पुसू शकते.

दुव्यांची साखळी झाली की धोका वाढतो. ‘अ’ हे क्षुल्लक विदागार ‘ब’शी जोडलेले आहे आणि ‘ब’ हे वेतनाच्या ‘क’शी. ‘क’वर कितीही कडक पहारा असला, तरी त्याची सुरक्षितता ‘अ’च्या कुलपाइतकीच उरते.

ज्ञात घटना

मे २००२ मध्ये ‘स्पायडा’ नावाचा संगणक-कृमी पसरला. एसक्यूएल सर्व्हरमधील सर्वाधिकारी खात्याचा परवलीचा शब्द अनेक ठिकाणी रिकामाच ठेवलेला असे, एवढ्याच भांडवलावर तो शिरकाव करी. ऑक्टोबर २००५ च्या अखेरीस ‘व्हॉयेजर’ या नावाने ओळखला जाणारा ऑरॅकलविषयक कृमीचा नमुना प्रकाशात आला. तो जवळपासच्या संगणकांवरील विदागारे शोधून तेथे सर्वपरिचित मूळ खाती वापरून पाही. अशा खात्यांत ‘स्कॉट’ व ‘टायगर’ ही जोडी विशेष प्रसिद्ध आहे. स्कॉट हे ऑरॅकलच्या आरंभीच्या एका कर्मचाऱ्याचे आडनाव आणि टायगर हे मांजराचे नाव. हा कृमी प्रवेशासाठी विदागार-दुवेच निर्माण करत असे.

दुव्यावाटे माहितीच तेवढी जाते असे नाही, दोषही जातात. ऑरॅकलचे प्रत्येक विदागार व्यवहारांचा क्रम राखण्यासाठी एक सतत वाढणारा क्रमांक बाळगते. दोन विदागारे दुव्याने बोलू लागली की लहान क्रमांकाचे विदागार मोठा क्रमांक स्वीकारते. या क्रमांकाला १ जानेवारी १९८८ पासून प्रतिसेकंद १६,३८४ अशा हिशेबाने मर्यादा होती. एका विदागारातील त्रुटीमुळे फुगलेला क्रमांक दुव्यांमार्गे इतरांपर्यंत पोहोचून त्यांनाही मर्यादेजवळ नेऊ शकतो, हे जानेवारी २०१२ मध्ये उघड झाले व त्याच महिन्यात कंपनीने दुरुस्ती दिली.

उत्तरदायित्व

सामायिक खात्याचा सर्वांत गंभीर परिणाम चोरीचा नसून आरोपाचा आहे. नोंदवहीत ‘कोणी केले’ या रकान्यात केवळ खात्याचे नाव येते. एका कार्यालयातील पाच लिपिक एकाच खात्याने काम करत असतील आणि एखाद्या विद्यार्थ्याचे गुण किंवा खातेदाराची शिल्लक बदललेली आढळली, तर दोषी शोधता येत नाही. त्याहून वाईट म्हणजे उरलेल्या चौघांना आपले निर्दोषत्व सिद्ध करता येत नाही. दुव्याच्या पलीकडच्या विदागारातही हेच घडते, कारण तेथे शेकडो वापरकर्ते एकाच नावाने पोहोचतात.

उपाय व मर्यादा

प्रत्येक व्यक्तीस स्वतंत्र खाते, दुव्यातील खात्याला आवश्यक तेवढेच अधिकार (वाचण्यापुरते काम असेल तर लिहिण्याचा अधिकार नाही), सार्वजनिक दुव्यांचा त्याग आणि कर्मचारी बदलून जाताच त्याला ठाऊक असलेले शब्द बदलणे, हे सर्वमान्य उपाय आहेत. ऑरॅकलमध्ये वापरकर्त्याला त्याच्याच ओळखीने पलीकडे नेणारा, परवलीचा शब्द न साठवणारा दुवाही उपलब्ध आहे. मात्र त्यासाठी दोन्हीकडे खाती राखावी लागतात. म्हणूनच तो टाळण्याकडे कल दिसतो.

सर्व जोडण्या तोडून टाकणे हा मात्र उपाय नव्हे. फेब्रुवारी २०१८ मध्ये पंजाब नॅशनल बँकेने मुंबईच्या ब्रॅडी हाऊस शाखेतील सुमारे ११,४०० कोटी रुपयांचा गैरव्यवहार जाहीर केला. तेथे परदेशी बँकांना हमी कळवणारी स्विफ्ट ही संदेशप्रणाली बँकेच्या मुख्य लेखाप्रणालीशी जोडलेली नव्हती. त्यामुळे पाठवलेल्या हमीची नोंद लेख्यांत आपोआप होत नसे. यानंतर भारतीय रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना या दोन प्रणाली ३० एप्रिल २०१८ पर्यंत जोडण्याचा आदेश दिला.