मुक्त ज्ञानाच्या वेशीवरील जकात

1982 साली महाडच्या परिसरात काम करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांचा विंचूदंशावरील लेख लंडनच्या ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. कोकणातील लाल विंचवाच्या दंशाची लक्षणे रुग्णाच्या खाटेशेजारी राहून टिपणाऱ्या या डॉक्टरांना त्यासाठी एक छदामही मोजावा लागला नव्हता. पारख झाली ती निरीक्षणांची. त्या व्यवस्थेतील उणीव निराळीच होती. वर्गणी इतकी महाग, की कोकणातल्याच दुसऱ्या आरोग्य केंद्रातील डॉक्टरच्या हाती तो अंक पडण्याचा संभव जवळजवळ नव्हता. ज्याच्या रुग्णांविषयी लिहिले, त्यालाच ते वाचता येऊ नये!

ही कोंडी फुटावी म्हणून 2002 मध्ये बुडापेस्टचा जाहीरनामा निघाला. संशोधन इंटरनेटवर सर्वांना विनामूल्य वाचता यावे, ही त्यातील मागणी सर्वस्वी रास्त होती. पण संपादनाला व मांडणीला खर्च येतोच. तो वाचकाने द्यायचा नाही तर कोणी द्यायचा? येथेच घोडे पेंड खाते. ‘बायोमेड सेंट्रल’ने त्याच वर्षी लेखकाकडून लेखामागे 500 डॉलर घेण्यास प्रारंभ केला; 2003 मध्ये आलेल्या ‘प्लॉस बायॉलॉजी’ने 1,500 डॉलर ठरविले. 2021 च्या जानेवारीपासून ‘नेचर’ आणि ‘नेचर मेडिसिन’ यांत लेख खुला ठेवण्याचा दर झाला 9,500 युरो, म्हणजे तेव्हाच्या भावाने साडेआठ लाख रुपयांच्या घरात. निबंधांचे परीक्षण करणारे तज्ज्ञ बहुधा विनामोबदला राबतात, हे ध्यानी घेतले म्हणजे ही आकारणी खर्चाची कमी आणि नावाच्या वजनाची अधिक, हे उघड होते.

पाश्चात्त्य संशोधकाचे हे शुल्क बहुधा त्याचे विद्यापीठ वा अनुदान देणारी संस्था भरते. तिकडेही हा भार आता डोईजड होऊ लागला आहे. गेट्स प्रतिष्ठानाने 2025 पासून अशी शुल्के देणे बंद केले. गरीब देशांतील लेखकांना प्रकाशक माफी देतात खरी, पण ती बहुधा ‘रिसर्चफॉरलाइफ’च्या यादीनुसार, आणि त्या यादीत भारत नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी काम करणाऱ्या डॉक्टरने मग जावे कोठे?

त्याच्यासाठी दुसरे दुकान उघडेच असते. 2013 मध्ये ‘सायन्स’ने एक प्रयोग केला. कर्करोगावरील कल्पित औषधाविषयीचा, ढोबळ चुका पेरलेला बनावट निबंध 304 खुल्या नियतकालिकांकडे धाडण्यात आला. त्यांपैकी 157 नियतकालिकांनी तो स्वीकारला. (वर्गणीवर चालणाऱ्यांची अशी परीक्षा झाली नाही, हेही सांगितले पाहिजे.) आपल्याकडे वैद्यकीय अध्यापकाची बढती प्रसिद्ध निबंधांवर अवलंबून असल्याने या बाजाराला गिऱ्हाइकांची वाण पडत नाही. उद्या त्या निबंधांच्या आधारे कोणी औषधाची मात्रा ठरवील, याची फिकीर विकणाऱ्याला नसते.

वास्तविक तिसरा मार्ग मुंबईतच घातला गेला आहे. परळच्या के. ई. एम. रुग्णालयातून 1955 पासून निघणाऱ्या ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ने या शतकाच्या आरंभीच लेखकांकडून शुल्क न घेता सर्व लेख खुले करून दाखविले. ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’नेही तोच शिरस्ता पाळला. ब्राझीलमध्ये तर 1998 पासून ‘सायेलो’ या उपक्रमाला सार्वजनिक निधीचे पाठबळ आहे.

केंद्र सरकारने ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजनेखाली 2025 ते 2027 या तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये मंजूर केले. त्यातून सुमारे 13,000 नियतकालिके शासकीय संस्थांत वाचावयास मिळू लागली, ही सोय लहान नव्हे. पण खासगी रुग्णालय चालविणारा तालुक्याचा डॉक्टर तिच्याबाहेरच राहिला. त्या 6,000 कोटींचा शंभरावा हिस्सा म्हणजे 60 कोटी. तेवढी रक्कम लेखकाला व वाचकाला दोघांनाही मोकळी असलेल्या देशी वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादनासाठी राखून ठेवण्यास अर्थखात्याची कोणती अडचण आहे, ते दिल्लीने एकदा सांगावे.