सोमनाथची छावणी

चंद्रपूरचा मे महिना ज्याने एकदा काढला आहे, तो त्या दिवसांत कोणाला पाहुणचाराला बोलावत नाही. पारा पंचेचाळिशी ओलांडतो, दुपारी रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही आणि 25 तारखेला नऊ दिवसांचा नवतपा लागायचा तो वेगळाच. नेमक्या याच महिन्यात, 15 ते 22 मे असे आठ दिवस, मूल तालुक्यातल्या सोमनाथला राज्यभरातून कॉलेजची मुलंमुली येतात. झोपायला सतरंजी, हातात फावडं आणि समोर माती. वरोऱ्याच्या महारोगी सेवा समितीची ही श्रमसंस्कार छावणी. 1960 च्या दशकाच्या अखेरीस बाबा आमटे यांनी ती सुरू केली. म्हणजे ‘समर इंटर्नशिप’ हा शब्द आपल्या कॉलेजांच्या नोटीस बोर्डावर यायच्या कितीतरी आधी, सुट्टीत एखाद्या सेवाभावी संस्थेत जाऊन राबून यायची सोय विदर्भाच्या एका टोकाला झालेली होती.

तारखा वाटतात तेवढ्या वेडसर नाहीत. मेच्या मध्यापर्यंत बहुतेकांच्या परीक्षा आटोपलेल्या असतात आणि निकाल लागायचे असतात. शेताचंही गणित जुळतं. हा झाडीपट्टीचा मुलूख, धानाचा. इथे शेताच्या वरच्या अंगाला ‘बोडी’ असते, म्हणजे पावसाचं पाणी धरून ठेवणारं छोटं तळं. बोडीतला गाळ काढायचा, पाळ उंचवायची, बांध सावरायचे, ही सगळी कामं पहिल्या पावसाच्या आत उरकावी लागतात. जूनमध्ये धानाचे पऱ्हे टाकायची घाई सुरू झाली की मातीकामाला कोणाला सवड नसते. विद्यार्थी रिकामा आणि माती कोरडी, अशी वर्षातली एवढी एकच वेळ.

सोमनाथ हा समितीचा प्रकल्प 1967 चा. त्याआधी 1949 मध्ये समिती स्थापन झाली होती आणि 1951 मध्ये विनोबांच्या हस्ते आनंदवनाचं उद्घाटन झालं होतं. आनंदवन कुष्ठरुग्णांना उपचार आणि काम देण्यासाठी होतं. सोमनाथमागची कल्पना त्याहून ऐसपैस होती. बाबांच्या मनात श्रमिक विद्यापीठ होतं: शेतातच वर्ग, कुष्ठमुक्त शेतकरी हेच अध्यापक आणि शिकायला येणारे शहरी तरुण. तसं विद्यापीठ काही उभं राहिलं नाही. उभी राहिली ती कुष्ठमुक्तांनी कसलेली मोठी शेती, आणि त्या विद्यापीठाचं दरवर्षी भरणारं आठ दिवसांचं एकमेव सत्र, म्हणजे ही छावणी.

छावणीचं मूळ मात्र मला सोमनाथपेक्षा आनंदवनाच्या सुरुवातीच्या दिवसांत दिसतं. आनंदवनात भाजी भरपूर पिकायला लागली, पण वरोऱ्याच्या बाजारात तिला गिऱ्हाईक मिळेना. महारोग्यांच्या हातची वांगी कोण घेणार? 1950 च्या दशकातच ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’ या संस्थेचे परदेशी स्वयंसेवक आनंदवनात बांधकामाला आले. रुग्णांच्या खांद्याला खांदा लावून त्यांनी इमारती उभ्या केल्या, तिथेच राहिले, तिथलीच भाजी खाल्ली. गोरी माणसं खातात आणि त्यांना काही होत नाही, हे गावाने पाहिलं आणि हळूहळू भाजी खपू लागली. या गोष्टीत थोडी खंतही आहे, कारण डॉक्टर सांगत होते ते पुरेसं झालं नाही, साहेबाचं ताट दिसावं लागलं. पण बाहेरच्या तरुणाचा संस्थेला नेमका उपयोग काय, याचं उत्तर तिथेच मिळालं होतं. त्याने विटा किती रचल्या, हा मुद्दाच नव्हता. तो जेवला कुठे, हे सगळा गाव बघत होता.

त्या स्वयंसेवी संस्थेची कुळकथाही सांगण्यासारखी आहे. पिएर सेरेसोल हा स्विस इंजिनियर तिचा संस्थापक. पहिलं महायुद्ध संपल्यावर 1920 मध्ये त्याने फ्रान्समध्ये व्हर्दंजवळच्या एका उद्ध्वस्त खेड्यात वेगवेगळ्या देशांची माणसं जमवून घरं सावरायला घेतली. त्यांत जर्मनही होते, म्हणजे कालपरवापर्यंतचे शत्रू. 1934 च्या जानेवारीत बिहारचा भूकंप झाला तेव्हा हाच सेरेसोल हिंदुस्थानात आला आणि राजेंद्रप्रसादांच्या मदतकार्यात सोबत्यांसह पुढची दोन-तीन वर्षं खेडी वसवत राहिला. ज्यांनी एकमेकांकडे पाठ फिरवली आहे त्यांना एकाच खड्ड्यात उतरवून खणायला लावायचं, ही त्याची युक्ती. सोमनाथला तीच वापरली, फक्त दोन्ही बाजू बदलल्या.

छावणीचा दिवस अंधारातच सुरू होतो, कारण सूर्य वर आला की मातीकाम संपलं. शिबिरार्थींच्या तुकड्या पडतात आणि प्रत्येक तुकडीला कामाची जागा मिळते. पुढे जे घडतं ते कुठल्याही श्रमदानात घडतं. पहिल्या सकाळी जोर चढलेली पोरं घमेलं शिगोशिग भरतात. साखळीतल्या तिसऱ्या-चौथ्या मुलीच्या हातून ते अर्धं सांडतं, साखळी तुंबते, मागचे ओरडतात. तासाभराने कोणीही न सांगता घमेली अर्धी भरायला लागतात आणि काम दुप्पट वेगाने सरकतं. दुसऱ्या दिवशी फोड येतात, अनामिकेच्या मुळाशी आणि अंगठ्याच्या बेचक्यात. हाताला रुमाल गुंडाळला जातो आणि फावडं आवळून धरायचं नसतं, सैल धरायचं असतं, हे कळायला लागतं.

शेजारी सोमनाथचा एखादा जुना माणूस काम करत असतो. त्याच्या करंगळीची आणि अनामिकेची पेरं आत वळलेली. कुष्ठरोगाचा जंतू कोपराजवळच्या मज्जातंतूला धरतो तेव्हा बोटं अशी वळतात आणि हाताची जाणीव जाते. तो विद्यार्थ्यापेक्षा कितीतरी सफाईने खणतो, पण त्याला फोड येतो तेव्हा कळत नाही. चटका कळत नाही, काच कळत नाही. कुष्ठरोगात बोटं झडतात अशी जी समजूत आहे, तिच्यामागचं खरं कारण हेच: न कळलेल्या जखमा चिघळत जातात आणि हाड झिजतं. म्हणून अशा माणसाने रोज हातपाय डोळ्यांनी तपासायचे असतात, पाण्यात भिजवायचे, तेल लावायचं, फोड दिसला तर त्या हाताला सुट्टी द्यायची. रोग कधीच बरा झालेला असतो, ही देखभाल मात्र जन्माची. शिबिरार्थी आपला दुखरा तळवा दाखवत कुरकुरतो, आणि ज्याला दुखतच नाही तो माणूस त्याला फडकं कसं बांधायचं ते दाखवतो. पुस्तकातला कुष्ठरोगाचा धडा इतक्या जवळून कुठल्याच वर्गात शिकवता येणार नाही.

आता हिशेबाचं बोलू. आठ दिवस, रोज सकाळचे दोन-तीन तास, तेही सवय नसलेल्या हातांनी. रोजगार हमीवरचा सराईत मजूर जेवढी माती काढतो त्याच्या पाव भागही कॉलेजचा मुलगा काढत नसेल. उलट त्याला जेवू घालायचं, झोपायला जागा द्यायची, कोणाला ऊन लागलं तर ओआरएस पाजायचं, वक्ते बोलवायचे, रात्रीच्या कार्यक्रमांना माइक लावायचा. निव्वळ मातीकामाच्या भावाने पाहिलं तर छावणी हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे. हे समितीला कळत नसेल असं समजायचं कारण नाही. अर्धशतक तोटा सोसून संस्था एखादी गोष्ट करते तेव्हा तिचा नफा दुसऱ्या वहीत लिहिलेला असतो.

बाकीच्यांनी काय केलं तेही पाहण्याजोगं आहे. 24 सप्टेंबर 1969 रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, सरकारने राष्ट्रीय सेवा योजना आणली. सात दिवसांचं निवासी शिबिर, वर्षाला 120 तास, दोन वर्षांत 240, आणि आपल्याकडे त्याचे वाढीव दहा गुण. गुण मिळत असल्याने गर्दी कधी कमी पडली नाही. रजिस्टरमध्ये तासही भरले आणि कित्येक गावांत रस्ते झाडताना काढलेले फोटोही तितकेच भरले. अलीकडे नव्या शैक्षणिक धोरणाने ओजेटी, फील्ड प्रोजेक्ट, कम्युनिटी एंगेजमेंट असे शब्द आणले आणि तीस तासांना एक क्रेडिट असा भाव ठरला. दर एप्रिलमध्ये लहानसहान संस्थांचे फोन वाजू लागतात: सर, आमच्या चाळीस मुलांना घ्याल का, सर्टिफिकेट मिळेल ना. संस्थेत तीन कर्मचारी, त्यांतला एक चाळीस जणांना काम शोधून देण्यात गुंततो. मग मुलं कोणाची तरी एक्सेल शीट भरतात, एक सर्वेक्षण करतात जे पुढे कोणी उघडत नाही, शेवटच्या दिवशी पीपीटी होते. यात मुलांचा दोष नाही. कामच असं द्यायला हवं की नवख्या माणसाकडून ते बिघडणार नाही आणि त्यात त्याला काही दिसेल, आणि असं काम बसून आखावं लागतं. मातीकाम त्या कसोटीला उतरतं. खड्डा वाकडा झाला तरी पाणी धरतोच.

सोमनाथला अहवाल मागत नाहीत. दुपारी सत्रं असतात: शेती, पाणी, आदिवासी, राजकारण, कधी कोणाचा कामाचा अनुभव. खरं सांगायचं तर अशा शिबिरांतली दुपार हा सगळ्यांत डळमळीत भाग. पहाटेपासून राबलेली मुलं, पोटात भात, वर तापलेलं छप्पर, आणि समोर मोठा माणूस मोठं बोलतोय. कित्येकांच्या माना खाली जातात, आणि त्यांना दोष कसा द्यायचा? थोर माणसांभोवती जमणाऱ्या गर्दीचा धोकाही इथे आहेच. कोणी माती खणायला येतो, कोणी आमटे कुटुंबाबरोबर फोटो काढायला. आठ दिवसांत डोळे भरून येणं सोपं असतं, नवव्या दिवशी एस. टी. त बसल्यावर ते टिकवणं अवघड.

तरीही काहींचं टिकलं. सत्तरच्या दशकात निरनिराळ्या चळवळींत शिरलेल्या अनेक तरुणांच्या आठवणींत सोमनाथ येतं. 23 डिसेंबर 1973 रोजी समितीचा लोकबिरादरी प्रकल्प भामरागडच्या जंगलात हेमलकसाला सुरू झाला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे तिथे गेले, तेव्हा वीज नाही, पावसाळ्यात रस्ता नाही अशा जागी त्यांच्याबरोबर राहायला तरुण कार्यकर्ते मिळाले. आनंदवनाची कुष्ठमुक्त माणसंही झोपड्या बांधायला होती. 1985 च्या डिसेंबरात बाबांनी कन्याकुमारीहून काश्मीरकडे ‘भारत जोडो’ यात्रा काढली. शंभराहून अधिक तरुण-तरुणी सायकलवर, आणि मणक्याच्या दुखण्यामुळे बसता न येणारे सत्तरी ओलांडलेले बाबा गाडीत आडवे होऊन. तरुणांना बरोबर घेऊन असं काही मांडायची सवय त्यांना सोमनाथला पडली असावी, असा माझा अंदाज आहे.

पुढे गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेच्या डॉ. अभय बंग यांनी 2006 मध्ये ‘निर्माण’ सुरू केलं. त्याची रीत वेगळी: अर्ज, मुलाखत, निवड, मग काही महिन्यांच्या अंतराने शिबिरं आणि आपल्या आयुष्याचं काय करायचं यावर सविस्तर खल. कार्यकर्ते घडवायचे असतील तर तीच वाट जास्त पक्की, हे मान्य. सोमनाथला मात्र ज्याचं काहीच ठरलेलं नाही असा मुलगाही येतो, मित्र चालला म्हणून. त्याच्यासाठी हा दरवाजा सताड उघडा आहे, आणि मला त्याचंच मोल अधिक वाटतं.

दिवसातला महत्त्वाचा तास बहुधा वेळापत्रकात ‘जेवण’ एवढ्याच शब्दाने येतो. कुष्ठमुक्तांनी पिकवलेला भात, त्यांच्या हातची भाजी आणि पंगतीत तेही बसलेले. 1960 च्या दशकात एखाद्या पुण्याच्या किंवा नागपूरच्या मुलाने घरी हे सांगणं म्हणजे चार दिवसांचा वाद ओढवून घेणं होतं. तेव्हा डॅप्सोन होतं, पण वर्षानुवर्षं घ्यावं लागे. बहुविध औषधोपचार 1980 च्या दशकात आला आणि पुढे उपचार सहा किंवा बारा महिन्यांवर आला. 2005 च्या अखेरीस देशात रुग्णांचं प्रमाण दहा हजारांत एकाहून खाली गेल्याचं जाहीर झालं, तरी आजही जगातले निम्म्याहून अधिक नवे रुग्ण भारतात सापडतात. औषधाची पाकिटं आरोग्य केंद्रावर फुकट मिळू लागली, पण कायदा मागेच राहिला. जोडीदाराला कुष्ठरोग आहे एवढ्या कारणावर घटस्फोट मागण्याची तरतूद हिंदू विवाह कायद्यासह आपल्या वैयक्तिक कायद्यांत 2019 पर्यंत होती. संसदेने ती काढून टाकली तेव्हा सोमनाथच्या पंगतीला पन्नास वर्षं होऊन गेली होती.